सहीच्या वर काय लिहिलंय? प्रौढ साक्षरता, घरातलं वाचन आणि गावचं वाचनालय

बचत गटाच्या कर्जाचे कागद आले की बायका एकापाठोपाठ एक सह्या करतात. सही वळणदार असते, कुठे अडखळत नाही. पण त्या सहीच्या वर काय लिहिलंय असं विचारलं की मान खाली जाते. आमच्या गावच्या वाचनालयात मोठ्यांचा वर्ग सुरू झाला तो अशाच एका काकूंच्या बोलण्यावरून. नातू वाचनालयात बसला होता, त्याला हाक मारायला त्या दारापर्यंत आल्या. मी म्हटलं, "काकू, आत या की." तर म्हणाल्या, "आमी काय करायचं आत येऊन? सही येतीया, तेवढी बास झाली." चप्पल घालता घालता मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "कशावर करतोय ते कळलं असतं तर बरं झालं असतं."

सही येणं आणि कागद कळणं यांच्यात बरंच अंतर आहे. ते मोठ्या वयात कसं कापलं जातं, त्यात कुठे पाय अडकतो आणि सार्वजनिक वाचनालयाचं काम नेमकं कुठे येतं, ते इथे सांगते.

आधी साक्षर कोणाला म्हणायचं ते पाहू. जनगणनेची व्याख्या साधी आहे. वय ७ किंवा त्याहून जास्त असलेल्या ज्या माणसाला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येतं, तो साक्षर. शाळेत गेलेलं असण्याची अट नाही. 'समजून' हा यातला महत्त्वाचा शब्द, म्हणजे नुसती सही या व्याख्येत बसत नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राचा साक्षरता दर ८२.३४ टक्के होता. पुरुषांचा ८८.३८, स्त्रियांचा ७५.८७. म्हणजे ढोबळमानाने दर चार बायकांमागे एक निरक्षर. शिवाय हे उत्तर बहुतेक वेळा घरातलं दुसरंच कोणीतरी देतं. "हो हो, येतं आईला" असं मुलाने सांगितलं की रकाना भरला जातो, आईला समोर बसवून वाचायला सहसा कोणी लावत नाही. त्यामुळे सहीपुरत्या साक्षर असलेल्या किती जणी त्या ७५.८७ मध्ये आहेत, हे तो आकडा सांगत नाही.

सध्या केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे, त्याचं प्रचलित नाव 'उल्लास'. २०२२ ते २०२७ हा त्याचा काळ. १५ वर्षांवरच्या निरक्षरांना स्वयंसेवकांनी शिकवायचं आणि शेवटी १५० गुणांची चाचणी घ्यायची, वाचन ५०, लेखन ५० आणि संख्याज्ञान ५० अशी. महाराष्ट्रात ही चाचणी पहिल्यांदा १७ मार्च २०२४ रोजी झाली. नातवंडांनी आजीला परीक्षेला सोडायला जायचं, हे दृश्य मला फार आवडतं आणि त्या प्रमाणपत्राचं मोलही मी जाणते. तरी माझी काळजी चाचणीच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. त्या दिवशी ती बाई वाचणार काय?

शिकलेलं निसटतं कसं

मोठ्या वयात शिकलेलं वाचन वापरात राहिलं नाही तर विरून जातं. पोहणं एकदा आलं की विसरत नाही म्हणतात, वाचनाचं तसं नाही. निदान कच्च्या वाचनाचं तरी नाही. अक्षर आठवतं, पण चटकन आठवत नाही, आणि वाचन तर सगळं चटकन आठवण्यावरच चालतं.

ही गोष्ट आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी एका राजाने ओळखली होती. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. मग पुढचा प्रश्न आला. शाळा संपल्यावर मूल शेतात जाईल, पुस्तक हाती लागणार नाही आणि चार वर्षांत शिकलेलं पुसलं जाईल. म्हणून त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला आणलं आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरायच्या. ज्यांना वाचताच येत नव्हतं त्यांनाही संस्थानाच्या ग्रंथालय खात्याने वगळलं नव्हतं, त्यांच्यासाठी जादूच्या कंदिलाने पडद्यावर चित्रं दाखवली जात. वाचता न येणारा माणूसही वाचनालयाचाच माणूस, ही समज तेव्हा होती. आज ती आपल्याकडे किती वाचनालयांत आहे, हे आपापल्या गावात जाऊन पाहावं.

आमच्या साताऱ्याची गोष्टही इथे सांगायला हवी. १९५९ मध्ये याच जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर गेली. शिक्षक, शिकलेली पोरं, गावकरी सगळे मिळून गावच्या गाव साक्षर करायचे आणि मोठा समारंभ करून तसं जाहीर करायचे. युनेस्कोनेही तिचा गौरव केला. म्हाताऱ्या माणसांकडून तिच्या आठवणी ऐकताना आजही अंगावर काटा येतो. पण गाव साक्षर जाहीर झाल्यावर हातात काय द्यायचं, ही बाजू लंगडी राहिली. वाचायला काही नाही म्हणून कितीतरी जण पुन्हा होते तिथेच गेले.

या मोहिमेच्याही आधी, हीच गरज ओळखून युनेस्कोच्या मदतीने १९५१ मध्ये दिल्ली पब्लिक लायब्ररी उभी राहिली. पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. नवशिक्या वाचकांसाठी पुस्तकं आणि मोठ्यांचं शिक्षण ही तिथे पहिल्यापासून मुख्य कामं होती. दोन वर्षांत त्यांच्या पुस्तकांच्या गाड्याही फिरू लागल्या.

मोठ्या माणसाला वाचन जड का जातं

शिकवायला बसल्यावर मला पहिला धक्का आपल्याच लिपीने दिला. देवनागरी जसं बोलतो तशी लिहिली जाते असं आपण अभिमानाने म्हणतो. बव्हंशी ते खरं आहे. पण 'किराणा' ही दुकानाची पाटी नव्या डोळ्यांनी पाहा. आधी दिसते वेलांटी, मग क. तोंडाने मात्र क आधी म्हणायचा आणि इ नंतर. डोळा एका क्रमाने चालतो, तोंड दुसऱ्या. 'र' तर चार वेशांत येतो. 'चक्र'मध्ये तो क च्या पायात असतो, 'राष्ट्र'मध्ये ट च्या खाली काकपदासारखा (^), 'कुऱ्हाड'मध्ये डोळ्याच्या पापणीसारखा. आणि 'सूर्य'मध्ये उच्चार य च्या आधी असूनही बसतो य च्या डोक्यावर. आपण सहाव्या-सातव्या वर्षी हे गिळून टाकलं म्हणून आपल्याला दिसत नाही. पंचावन्नाव्या वर्षी शिकणाऱ्या बाईला ते सगळं दिसतं आणि ती विचारते, "ह्यो र डोक्यावर कशापायी बसलाय?" प्रश्न रास्त आहे. हसण्यावारी न नेता उत्तर द्यावं लागतं.

दुसरी अडचण वेगाची. समजा एखादी बाई 'ग्रा-म-पं-चा-य-ती-च्या' असं एकेक अक्षर लावत वाचते आहे. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात मनातून गेलेली असते. डोक्यात एका वेळी थोडंच मावतं, आणि तेवढी सगळी जागा अक्षरं ओळखण्यातच भरली तर अर्थाला उरत नाही. म्हणून "वाचलं खरं, पण काय वाचलं ते कळलं नाही" असं जेव्हा ती म्हणते तेव्हा ती अक्षरशः खरं सांगत असते, त्यात बुद्धीचा दोष नसतो. औषध एकच. सोपं, ओळखीचं आणि भरपूर वाचायचं. शब्द एका नजरेत ओळखू यायला लागले की मन अर्थाकडे वळतं.

आणि हे 'भरपूर' एका प्रवेशिकेत, म्हणजे अक्षरओळखीच्या पहिल्या पुस्तकात, मावत नाही. पातळ पुस्तक दहा वेळा वाचलं की ते पाठ होतं. आमच्या वर्गात एक आत्या पान न पाहता धडा म्हणायच्या आणि बोट मात्र ओळीवरून इमानाने फिरवायच्या. तोच शब्द मी वर्तमानपत्रात दाखवला तेव्हा तो त्यांना परका होता. तेव्हा मला उमगलं की एक पुस्तक दहादा वाचून होत नाही, दहा वेगवेगळी सोपी पुस्तकं लागतात. एवढी पुस्तकं कोणत्या घरात असणार? इथे वाचनालय लागतं.

आता चष्म्याबद्दल. हे कुठल्याही साक्षरता वर्गात सगळ्यात आधी सांगायला हवं आणि नेमकं हेच राहून जातं. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतं. ज्यांना वाचायचंच नसतं त्यांच्या ते लक्षातही येत नाही, फार तर सुईत दोरा ओवायला त्या नातीला बोलावतात. अशी बाई वर्गात आली की पान लांब धरते, डोळे बारीक करते, दोन ओळींत डोकं दुखलं म्हणते आणि तिसऱ्या दिवसापासून येत नाही. आपण समजतो गोडी नाही. आमच्याकडे एक मावशी म्हणायच्या, "अक्षरं मुंग्यावाणी चालत्यात." मी महिनाभर त्यांना 'म' आणि 'भ' मधला फरक समजावत राहिले. मग तालुक्याच्या गावी नेत्रतपासणी शिबिर होतं तिथे सगळ्यांनाच नेलं. जवळचा चष्मा लागला. मावशींनी तो घालून पहिल्यांदा पान धरलं, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "हे एवढं काळंभोर असतंय व्हय?" महिनाभर मी डोळ्यांची अडचण बुद्धीच्या खात्यात मांडत होते. त्याची बोच अजून आहे. म्हणून वर्ग सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, पाटी-पेन्सिल मागाहून आणा, आधी डोळे तपासून घ्या.

गणिताचं मात्र उलटं असतं. हिशोब त्यांना येत असतो, आपल्यापेक्षा लवकर येतो. पाच विसा शंभर, हे बोटांवर तयार असतं. भाजी, मजुरी, दूध सगळं तोंडी चोख. अडतं ते आकडे ओळखण्यात. त्यात एक व्यवहाराची गोष्ट म्हणजे एसटीच्या पाटीवर आणि जुन्या कागदांवर आपले मराठी आकडे, तर मोबाइल, एटीएम आणि वीजबिलावर इंग्रजी आकडे. दोन्ही एकदम शेजारी शेजारी ठेवूनच शिकवावेत. एक पक्के झाले की मग दुसरे, असं करत बसलो तर मधल्या काळात तिला फोन लावता येत नाही, आणि तिला सगळ्यात आधी तोच लावायचा असतो.

तिचं बोलणं हेच पहिलं पुस्तक

सोपं आणि ओळखीचं वाचायला द्यायचं तर ते आणायचं कुठून? थोडं तयार मिळतं. नॅशनल बुक ट्रस्टने नवसाक्षरांसाठी पुस्तिका काढल्या आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा वाचनपातळीप्रमाणे लावलेल्या आहेत आणि त्या मोफत उतरवून छापता येतात. पण सगळ्यात चांगलं साहित्य समोर बसलेली बाई स्वतः घेऊन आलेली असते.

पद्धत अशी. तिला काहीतरी सांगायला सांगायचं. ती सांगेल ते, तिच्याच शब्दांत, मोठ्या ठसठशीत अक्षरात कागदावर उतरवायचं. मग तेच तिला वाचायला द्यायचं. अर्थ तिला आधीच माहीत आहे, वाक्य तिचंच आहे, त्यामुळे पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज येतो आणि अक्षराशी गाठ पडते. लेखाच्या सुरुवातीच्या काकूंनी सांगितलं ते मी असं लिहून घेतलं:

"म्हस काल याली. पाटंचं तीन वाजलं हुतं. रेडकू आडवं आलं हुतं. म्या एकटीनं वडलं. आता दोगं बी बरी हाइत."

इथे एक मोह आवरावा लागतो. 'म्हैस व्याली', 'पहाटेचे तीन वाजले होते' असं शुद्ध करून लिहायला हात शिवशिवतो. नका करू. कागदावर 'पहाटेचे' असेल आणि तिच्या मनात 'पाटंचं', तर ती पुन्हा परक्याच्या घरात जाऊन बसते. प्रमाण लेखन पुढे शिकवता येतं आणि शिकवावंही, कारण सरकारी कागद त्याच भाषेत येणार आहे. पण पहिले दोन-तीन महिने तिची बोली हीच पाऊलवाट. यावर माझं आणि आमच्या काही शिक्षक मित्रांचं पटत नाही, पण वर्गात टिकलेल्या बायका पाहून मी माझ्या मतावर ठाम आहे.

मराठी माणसाला हे नवं वाटू नये. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या गात होत्या आणि मुलगा सोपानदेव यांनी ते टिपून ठेवलं म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. वाचता न येणाऱ्या बाईकडे भाषा कमी असते असं कोणाला वाटत असेल, तर त्याने एकदा जात्यावरच्या ओव्या गाणारी एखादी आजी गाठावी.

आई शिकते तेव्हा मूलही शिकतं, पण कसं

'कौटुंबिक साक्षरता' हा शब्द आपल्याकडे फारसा रुळलेला नाही. कल्पना अशी की मोठ्यांचं शिकणं आणि मुलांचं शिकणं वेगळ्या खोल्यांत न ठेवता एकत्र गुंफायचं. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात १९८० च्या दशकाच्या मध्याला याचा एक नमुना तयार झाला. त्यात चार गोष्टी होत्या. आईबाबांचं स्वतःचं शिकणं, मुलांचं शिकणं, दोघांनी मिळून एकत्र घालवायचा वेळ आणि मूल कसं शिकतं हे पालकांनी आपसात बोलून समजून घेणं. कॅलिफोर्नियात १९८४ पासून सार्वजनिक वाचनालयांतूनच मोठ्यांना वाचायला शिकवलं जातं, एका शिकणाऱ्यामागे एक स्वयंसेवक, पैसे न घेता.

चारांतली तिसरी गोष्ट, एकत्र वेळ, ही मला सगळ्यात मोलाची वाटते. त्याचं कारण मात्र पुस्तकी नाही. मोठ्या माणसाला सोपं पुस्तक वाचायची लाज वाटते. मोठं चित्र आणि खाली एक ओळ, असलं पुस्तक हातात घेऊन बसलेली आपण कोणाला दिसू नये असं वाटतं. पण मांडीवर नात असली की तेच पुस्तक उजळ माथ्याने वाचता येतं. "हिला वाचून दाखवतीया" म्हटलं की झालं. वाचनाच्या सरावाला एवढं चांगलं निमित्त दुसरं नाही.

आमच्याकडे ते असं चालतं. दुपारी दोन ते तीन या वेळात बायका आपापल्या शिकतात. तीनला अंगणवाडीतली आणि पहिली-दुसरीतली पोरं येतात आणि सतरंजीवर जोड्या बसतात. पहिल्या काही वेळा आजीने वाचायचंच नाही. चित्र पाहून गोष्ट सांगायची. यात तिला काही कमी पडत नाही, उलट आमच्यापेक्षा ती रंगवून सांगते. पान उलटायचं कसं, वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे जायचं कसं, हे आजी-नातवंडाला एकदमच कळतं. मग ज्यात एक ओळ पुन्हा पुन्हा येते अशी पुस्तकं द्यायची. ती ओळ आजी वाचते, मधला शब्द सोडते, पोर तो भरते. शेवटी घरी न्यायला एक पुस्तक.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. पोरं भराभर पुढे जातात आणि "आज्जे, तुला एवढं बी येत न्हाय?" म्हणून मोकळी होतात. त्या एका वाक्याने महिन्याची मेहनत वाहून जाते. म्हणून मुलांना आम्ही बजावून ठेवलंय. इथे मास्तर व्हायचं नाही, आजी अडली तर गप्प बसून पाचपर्यंत आकडे मोजायचे, तिने विचारलं तरच सांगायचं. स्वयंसेवकालाही हाच नियम. समोर उभं राहून शिकवायचं नाही, शेजारी बसायचं.

घरातला विरोधही धरून चालावं लागतं. महादेव गोविंद रानड्यांनी लग्नानंतर रमाबाईंना शिकवायला घेतलं तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना किती छळलं हे जुन्या पिढीला माहीत आहे. त्याच रमाबाईंनी पुढे पुण्यात सेवासदन उभं केलं आणि मोठ्या वयाच्या बायकांना शिक्षणाची वाट करून दिली. आजचा विरोध एवढा कडवा नसतो, तो "आता या वयात कशाला?" एवढाच असतो. पण रोज ऐकला की पुरतो. सुनेला वर्गाला पाठवायचं असेल तर सासूलाही बोलवावं, हा आमचा साधा अनुभव. दोघी आल्या की घरी कोणी बोलणारं उरत नाही.

पुरुषांचं वेगळं. निरक्षर पुरुषाला जास्त लाज वाटते, तो 'साक्षरता वर्ग' या नावाच्या खोलीत पाऊल टाकत नाही. तो येतो शिकाऊ परवान्याच्या परीक्षेसाठी, मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकण्यासाठी, पीकविम्याचा अर्ज समजून घ्यायला. तेच निमित्त धरून तिथूनच अक्षरांकडे वळावं.

वाचनालयाचं दार उघडं आहे, पण कोणासाठी?

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. शासनमान्य ग्रंथालयं अकरा हजारांहून अधिक, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग. ड वर्गाचं वाचनालय म्हणजे बहुधा एक खोली, चार कपाटं, वर्तमानपत्रांचं टेबल आणि तुटपुंज्या मानधनावर काम करणारा ग्रंथपाल. अशा माणसावर आणखी एक काम लादा असं मी म्हणत नाही. पण एवढ्या गावांत सरकारमान्य पुस्तकांची खोली असलेलं हे जाळं साक्षरता कार्यक्रमाशी जोडलेलं का नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. उल्लास चालतो शालेय शिक्षण विभागाकडून, शाळा आणि शिक्षकांमार्फत. ग्रंथालय संचालनालय येतं उच्च व तंत्र शिक्षण विभागाखाली. दोन वेगळी खाती, दोन वेगळे कागद. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मात्र प्रौढ शिक्षणासाठी शाळा सुटल्यावरच्या वेळेत शाळांच्या इमारती आणि सार्वजनिक वाचनालयांच्या जागा वापरा असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे गावातला शिक्षक आणि गावातला ग्रंथपाल एकत्र बसले तर त्यांना अडवणारं काही नाही.

बदल लहान लहानच लागतात. सभासद व्हायला फॉर्म भरावा लागतो, आणि जिला फॉर्म वाचता येत नाही ती दारातूनच परत जाते. तो ग्रंथपालाने विचारून भरावा. नवसाक्षरांकडून अनामत घेऊ नये. पुस्तक फाटलं तर फाटलं, रेडकाने पान खाल्लं म्हणून आमच्याकडे एक परत आलं, ते आम्ही ठेवून घेतलं. सोप्या पुस्तकांचा कप्पा बालविभागाला लागून असावा, म्हणजे तिथे उभं राहायला कोणाला संकोच नाही. वेळ बायकांच्या कामाप्रमाणे ठरवावी. आमच्याकडे भांगलणीच्या, म्हणजे खुरपणीच्या, दिवसांत वर्ग रात्री आठला जातो आणि यात्रेच्या आठवड्यात बंदच असतो, त्याचं वाईट वाटून घेत नाही. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली, तिथेही शाळेची वेळ दुपारची, घरचं आवरून झाल्यावरची. गुलाबी नऊवारी नेसून पाटी-दप्तर घेऊन निघालेल्या त्या आज्यांची छायाचित्रं अनेकांनी पाहिली असतील. त्या वेळेच्या निवडीकडे मात्र फारसं कोणी लक्ष दिलं नाही.

"आता फोनच बोलतो, वाचायचं कशाला?" हा प्रश्न मला दर सभेत येतो. बोलून संदेश पाठवता येतो, व्हिडिओ पाहता येतो हे खरं. पण बँकेचा मेसेज कोणाला तरी दाखवावा लागतो, आणि ज्याला दाखवला त्याच्यावर भरवसा ठेवावा लागतो. रक्तदाबाची गोळी आणि साखरेची गोळी सारख्याच पांढऱ्या असतात, घरात कोणी नसताना पाकिटावरचं नाव फोन आपणहून सांगत नाही. आम्ही फोनला वैरी मानत नाही, उलट गोष्ट ऐकता ऐकता तीच बोटाने वाचायला लावतो. मुलांकडे परदेशी गेलेल्या कितीतरी मराठी आजी-आजोबांना तिथल्या सार्वजनिक वाचनालयात इंग्रजी बोलण्याचा मोफत वर्ग मिळतो आणि ते नातवंडाचा हात धरून तिथे जातात. परक्या लिपीपुढे बसल्यावर आपल्याकडच्या निरक्षर माणसाला रोज काय वाटत असेल ते कळलं, असं त्यांच्यातल्या एका काकांनी मला सांगितलं.

काकूंच्या म्हशीच्या गोष्टीपासून सुरू झालेले ते कागद पुढे वाढत गेले. कोणी सासरी पहिल्यांदा केलेल्या पुरणपोळीचं सांगितलं, कोणी दुष्काळी कामावर खडी फोडली त्याचं. सत्तावीस गोष्टी झाल्यावर आम्ही त्यांना पुठ्ठा लावून बाइंडिंग केलं. ग्रंथपालांनी दाखल नोंदवही उघडली आणि इतर पुस्तकांप्रमाणे त्या वहीलाही क्रमांक टाकला. लेखकाच्या रकान्यात काय लिहू, असं त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "द्या इकडं," आणि पेन घेऊन स्वतःचं नाव लिहिलं. त्यांच्यामागे बाकीच्यांनी लिहिलं. रकाना पुरला नाही, नावं समासात गेली. गेल्या महिन्यात ती वही देवघेवीत तीनदा घरी गेली. सध्या ती काकूंच्या शेजारणीकडे आहे, परत यायची तारीख उलटून चार दिवस झालेत.